कणूची ओली गादी

भिंतीला होती एक भेग. भेगेत होतं एक घर. घर केवढं? चण्याएवढं! त्या घरात राहायची तिळू.

तिळू म्हणजे कोण? तिळू म्हणजे मुंगी. तिळाएवढी, म्हणून तिळू. पाय सहा, मिशा दोन, आवाज अगदी बारीक. आणि स्वभाव लाजरा. कुणाला काही मागायचं म्हटलं, की तिळूच्या मिशा थरथरायच्या.

तिळूला होता एक धाकटा भाऊ. त्याचं नाव कणू. कणूला होती एक गादी. पांढरी पांढरी, मऊ मऊ. रुईचा कापूस उडत उडत खिडकीतून आला होता. त्यातली एक बट तिळूने ओढत घरी आणली होती. ओढायला दोन दिवस लागले होते!

एक दिवस सकाळी कणू उठला आणि ओरडला, "ताई, गादी ओली!"

"शी, कणू! इतका मोठा झालास आणि गादी ओली केलीस?"

"मी नाही गं! शप्पथ मी नाही!"

तिळूने गादीचा वास घेतला. कुबट कुबट! तिळूने गादी नीट बघितली. गादीवर काळे ठिपके. एक, दोन, तीन, चार.

"ही तर बुरशी," तिळू म्हणाली.

तिने गादी झटकली. झटक झटक. उन्हात घातली. संध्याकाळी घरात आणली. सकाळी बघते तर पुन्हा ओली! पुन्हा कुबट कुबट!

कणू गादीवर आडवा झाला की शिंकायचा. आक्छी! या कुशीवर आक्छी! त्या कुशीवर आक्छी! कणू झोपेचना. न झोपलेलं बाळ दिवसभर काय करतं? किरकिर किरकिर करतं.

तिळूने भिंतीला पाय लावून बघितला. भिंत गार. भिंत ओली.

तिळूच्या मिशा थरथरल्या. पण विचारायला तर हवं.

"भिंती, भिंती!"

भिंत म्हणाली, "कोण गं तू? काय झालं?"

तिळू म्हणाली,

"गादी सुकेना, कणू झोपेना!
भिंती, भिंती, वाळ ना!"

भिंत म्हणाली, "मी कशी वाळू? माझ्यापुढे कपाट उभं. ऊन लागत नाही, वारा लागत नाही. मी नाही बाई! आधी कपाटाला सांग. मग माझ्याकडे ये."

"बरं," म्हणाली तिळू. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

कपाट होतं मोठं, लोखंडी, हिरवं. भिंतीला पाठ टेकून ऐटीत उभं होतं.

"कपाटा, कपाटा!"

कपाट म्हणालं, "कोण गं तू? काय झालं?"

तिळू म्हणाली,

"भिंत वाळेना,
गादी सुकेना, कणू झोपेना!
कपाटा, कपाटा, सरक ना!"

कपाट म्हणालं, "मी कसं सरकू? पाय चार आहेत, पण एकही उचलत नाही. पोटात किती कपडे आहेत बघ! मी नाही बाई! आधी बाबांना सांग. मग माझ्याकडे ये."

"बरं," म्हणाली तिळू. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बाबा म्हणजे कुणाचे बाबा? रेवूचे बाबा. त्या घरात रेवू राहायची, रेवूची आई राहायची, रेवूचे बाबा राहायचे. घर त्यांचं नव्हतं. भाड्याचं होतं.

बाबा शर्टाला इस्त्री करत होते. तिळू त्यांच्या पायावरून चढली, पाठीवरून चढली, थेट कानापाशी गेली.

"बाबा, बाबा!"

बाबा म्हणाले, "कोण गं तू? काय झालं?"

तिळू म्हणाली,

"कपाट सरकेना, भिंत वाळेना,
गादी सुकेना, कणू झोपेना!
बाबा, बाबा, ढकला ना!"

"श्श!" बाबा म्हणाले. "हळू बोल! मालकांना ऐकू जाईल. अगं, ते कपाट मीच तिथे लावलंय. मागे काळा डाग पडलाय. तो दिसू नये म्हणून लावलंय. घर भाड्याचं. डाग दिसला तर मालक म्हणतील, तुम्हीच केलात. घर सोडा म्हणतील. मग रेवूला घेऊन मी कुठे जाऊ?"

तेवढ्यात आतून आवाज आला. खॉक! खॉक! रेवू खोकत होती. तिच्या अंथरुणालाही तोच वास यायचा. कुबट कुबट.

बाबांचा हात थांबला. मग हळूच म्हणाले, "मी नाही बाई! आधी मालकांना सांग. मग माझ्याकडे ये."

"बरं," म्हणाली तिळू. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

घरमालक शेजारच्या घरात राहायचे. त्यांचं नाव दिगूकाका. ते दाढी करत होते. गालावर फेसच फेस. तिळू त्यांच्या आरशावर चढली.

दिगूकाकांनी आरशात बघितलं. "अरेच्चा! माझ्या नाकावर हा तीळ कधी आला?"

"तीळ नाही हो, तिळू! मालककाका, मालककाका!"

मालक म्हणाले, "कोण गं तू? काय झालं?"

तिळू म्हणाली,

"बाबा ढकलेनात,
कपाट सरकेना, भिंत वाळेना,
गादी सुकेना, कणू झोपेना!
मालककाका, मालककाका, या ना!"

मालक म्हणाले, "मी येऊन काय करू? भिंतीवर फुंकर घालू? वर गच्चीला भेग पडली असणार. ती लिंपायला गवंडी लागतो. मी नाही बाई! आधी गवंड्याला सांग. मग माझ्याकडे ये."

"बरं," म्हणाली तिळू. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

गवंड्याचं नाव यल्लाप्पामामा. ते चौकात बसून बशीतून चहा पीत होते. फुर्रर्र! फुर्रर्र! शेजारी त्यांची थापी ठेवली होती. तिळू थापीवर चढली.

"गवंडीमामा, गवंडीमामा!"

गवंडी म्हणाले, "कोण गं तू? काय झालं?"

तिळू म्हणाली,

"मालक येईनात, बाबा ढकलेनात,
कपाट सरकेना, भिंत वाळेना,
गादी सुकेना, कणू झोपेना!
गवंडीमामा, गवंडीमामा, लिंपा ना!"

गवंडी म्हणाले, "लिंपलं असतं की! पण त्या गच्चीवर तळं साचलंय तळं! पाण्यात सिमेंट लावलं तर काय होईल? आज लावलं, उद्या वाहून गेलं. असलं काम हा यल्लाप्पा करत नाही. मी नाही बाई! आधी पाण्याला सांग. मग माझ्याकडे ये."

आणि यल्लाप्पामामांनी उरलेला चहा पिऊन टाकला. फुर्रर्र!

"बरं," म्हणाली तिळू. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

गच्ची केवढी उंच! एक जिना, दुसरा जिना. मुंगीसाठी एकेक पायरी म्हणजे एकेक डोंगर. तिळू चढली, थांबली. चढली, थांबली. पोचली एकदाची!

गच्चीवर पाणीच पाणी. पाण्यात आभाळ दिसत होतं.

"पाण्या, पाण्या!"

पाणी म्हणालं, "कोण गं तू? काय झालं?"

तिळू म्हणाली,

"गवंडी लिंपेनात,
मालक येईनात, बाबा ढकलेनात,
कपाट सरकेना, भिंत वाळेना,
गादी सुकेना, कणू झोपेना!
पाण्या, पाण्या, जा ना!"

पाणी म्हणालं, "मी काय हौसेने बसलंय? मला वाहायला आवडतं गं! पण कोपऱ्यातला पाइप बघ. पाइपच्या तोंडात फुलं अडकलीत. मग मी भेगेतून झिरपतं. टिप टिप, टिप टिप. खाली तुझ्या भिंतीत जातं. मी नाही बाई! आधी फुलांना सांग. मग माझ्याकडे ये."

"बरं," म्हणाली तिळू. आणि निघाली. पाण्याच्या काठाकाठाने. तुरुतुरु तुरुतुरु.

कोपऱ्यात फुलांचा ढीग होता. झेंडू, जास्वंद, मोगरा. बेलाची पानं, दूर्वा. सगळी भिजलेली, सगळी एकमेकांना चिकटलेली.

"फुलांनो, फुलांनो!"

फुलं म्हणाली, "कोण गं तू? काय झालं?"

तिळूने मोठा श्वास घेतला. तिळू म्हणाली,

"पाणी जाईना, गवंडी लिंपेनात,
मालक येईनात, बाबा ढकलेनात,
कपाट सरकेना, भिंत वाळेना,
गादी सुकेना, कणू झोपेना!
फुलांनो, फुलांनो, हला ना!"

फुलं म्हणाली, "आम्ही कशी हलू? आम्ही देवाच्या पूजेतली फुलं. श्रावण चालू आहे ना! रोज पूजा, रोज फुलं. अप्पा आम्हाला रोज इथे आणून ठेवतात. आम्ही नाही बाई! आधी अप्पांना सांग. मग आमच्याकडे ये."

"बरं," म्हणाली तिळू.

पण या वेळी ती लगेच निघाली नाही. तिचे सहाही पाय दुखत होते. ती एका वाळक्या पाकळीवर बसली आणि विचार करू लागली.

भिंत वाईट नाही. कपाट वाईट नाही. बाबा तर मुळीच वाईट नाहीत. पाण्यालासुद्धा जायचंच आहे. मग भिंत ओली का? सगळे म्हणतात, आधी तो, मग मी. आधी ती, मग मी.

खाली कणू एकटा होता. किरकिर करत असेल. ताई, ताई म्हणत असेल.

तिळू उठली. तुरुतुरु तुरुतुरु.

अप्पा वरच्या मजल्यावर राहायचे. म्हातारे होते. देवापुढे बसून चंदन उगाळत होते. खर्र खर्र, खर्र खर्र.

"अप्पा, अप्पा!"

अप्पा म्हणाले, "कोण गं तू? काय झालं?"

तिळू म्हणाली,

"फुलं हलेनात,
पाणी जाईना, गवंडी लिंपेनात,
मालक येईनात, बाबा ढकलेनात,
कपाट सरकेना, भिंत वाळेना,
गादी सुकेना, कणू झोपेना!
अप्पा, अप्पा, उचला ना!"

अप्पा म्हणाले, "अगं, देवाला वाहिलेली फुलं ती! कचऱ्यात कशी टाकू? पायाखाली आली तर? म्हणून मी ती कोपऱ्यात ठेवतो. तिथे कुणाचा पाय पडत नाही."

तिळूच्या मिशा थरथरल्या. तरी ती बोलली. "पडतो हो, अप्पा. तिथे पाण्याचा पाय पडतो."

खर्र खर्र थांबलं. अप्पांनी बोटाचं चंदन पुसलं.

"हे माझ्या लक्षातच नाही आलं," ते म्हणाले. "पण मग ठेवू कुठे? नदी लांब. माझे गुडघे असे कुरकुरतात. फुलांना चांगली जागा हवी बाई! आधी जागा शोध. मग माझ्याकडे ये."

"बरं," म्हणाली तिळू. आणि निघाली. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

कुठे जायचं? या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं. तिळू पुन्हा गच्चीवर आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कठड्यावर एक मातीची कुंडी होती. कुंडीत जास्वंदीचं झाड होतं. झाडाखालची माती अर्धीच उरली होती.

तिळू कुंडीवर चढली. तिचा आवाज आता आणखी बारीक झाला होता.

"कुंडीताई, कुंडीताई..."

कुंडी म्हणाली, "कोण गं तू? काय झालं?"

तिळू म्हणाली,

"अप्पा उचलेनात, फुलं हलेनात,
पाणी जाईना, गवंडी लिंपेनात,"

(इथे तिळूने दम घेतला.)

"मालक येईनात, बाबा ढकलेनात,
कपाट सरकेना, भिंत वाळेना,
गादी सुकेना, कणू झोपेना!
कुंडीताई, कुंडीताई, जागा दे ना!"

कुंडी म्हणाली, "देते की."

"बरं," म्हणाली तिळू. आणि निघाली. तुरु... तुरु...

"अगं ए! कुठे निघालीस?" कुंडी ओरडली. "मी हो म्हणाले! हो!"

तिळू थांबली. मागे वळली. "हो म्हणालीस? आधी कुणाला तरी सांग, असं नाही म्हणालीस?"

"कशाला म्हणू? जास्वंद तर माझ्याच झाडाची. माझी माती संपत आली आहे. फुलं माझ्याकडे आली तर मातीत मिसळतील, झाडाला खाऊ मिळेल. मी केव्हाची जागा ठेवून बसले आहे. मला कुणी विचारलंच नाही गं!"

मग काय! तिळूचे पाय दुखायचे थांबले. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! तिळू अप्पांकडे धावली.

अप्पा आले. एक हात गुडघ्यावर, एका हातात परडी. सावकाश वाकले. फुलं परडीत भरली, फुलं कुंडीत घातली. वर थोडी माती पसरली. फुलांना नमस्कार केला.

अप्पांनी उचलली, फुलं हलली!

पाइपचं तोंड मोकळं झालं. गुडगुड गुडगुड! पाणी धावलं. "चाललं गं मी, तिळू! चाललं!" घळ घळ घळ घळ... आणि गच्ची रिकामी!

दोन दिवस ऊन पडलं. गच्ची वाळली. यल्लाप्पामामा आले. भेगेत सिमेंट भरलं, वरून थापी मारली. थाप थाप, थाप थाप. "आता येऊ दे पाऊस. बघतोच कसा आत जातो!"

गवंड्यांनी लिंपलं, मालक आले!

दिगूकाका दारात उभे राहिले. बाबा कपाटापाशी उभे राहिले. बाबांच्या कपाळावर घाम. तिळू भिंतीवरून बघत होती. तिलाही घाम फुटला असता, पण मुंग्यांना घाम येत नाही.

बाबांनी डोळे मिटले. कपाटाला खांदा लावला. कर्र कर्र! कर्र कर्र!

बाबांनी ढकललं, कपाट सरकलं!

मागे डाग. केवढा डाग? म्हशीएवढा डाग! काळा काळा. कुबट कुबट.

दिगूकाकांनी डागाला बोट लावून बघितलं.

मग दिगूकाका म्हणाले, "उमेश, हे कधीपासून?"

उमेश म्हणजे बाबा. बाबा म्हणाले, "श्रावण लागल्यापासून."

"आणि मला आत्ता कळतंय?"

"वाटलं, तुम्ही ओरडाल."

"ओरडलोच असतो!" दिगूकाका ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "पण आलो असतो रे. पोरगी खोकतेय तुझी."

बाबांनी मान खाली घातली. मग वर केली. आणि किती दिवसांनी ते मोकळे हसले.

आईने नाकाला रुमाल बांधला. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवलं. भिंत पुसली, पुन्हा पुसली. बुरशी निघाली. रेवूने खिडकी उघडली. सुंई सुंई करत वारा आत आला. ऊन आलं. कपाट भिंतीपासून हातभर लांब उभं राहिलं.

यल्लाप्पामामा थापी घेऊन पुढे आले. "इथे खालीही एक भेग आहे. बुजवून टाकू का?"

ती भेग कुणाची? तिळूची! तिळूच्या मिशा थरथर थरथर झाल्या.

रेवू आडवी आली. "नाही बुजवायची! तिथे मुंग्या राहतात!"

"राहतात होय?" दिगूकाका म्हणाले. "भाडं देतात का?"

"नाही," रेवू म्हणाली, "उलट आमचीच साखर नेतात!"

सगळे हसले. यल्लाप्पामामांनी थापी पिशवीत ठेवली.

आता भिंत वाळायला हवी. भिंत एकदम वाळत नाही, बरं का! पहिल्या दिवशी तिळूने पाय लावला. ओली. दुसऱ्या दिवशी पाय लावला. गार. तिसऱ्या दिवशी इकडे ओली, तिकडे कोरडी. चौथ्या दिवशी जराशी गार. पाचव्या दिवशी? कोरडी! खडखडीत!

"वाळले गं बाई!" भिंत म्हणाली.

तिळूने गादी उन्हात घातली. कणू एका टोकाला, तिळू दुसऱ्या टोकाला. झटक झटक! काळे ठिपके उडून गेले. संध्याकाळी गादी घरात आणली. सकाळी बघते तर काय? कोरडी! वास घेतला. उन्हाचा वास!

अप्पांनी उचलली, फुलं हलली,
पाणी गेलं, गवंड्यांनी लिंपलं,
मालक आले, बाबांनी ढकललं,
कपाट सरकलं, भिंत वाळली,
गादी सुकली, आणि कणू?

कणू गादीवर आडवा झाला. या कुशीवर वळला. शिंक नाही. त्या कुशीवर वळला. शिंक नाही.

"ताई," कणू म्हणाला, "तू सगळ्यांना विचारलंस? तू?"

"हो."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की," तिळू म्हणाली. "प्रत्येक वेळी वाटली."

कणूला आणखी काहीतरी विचारायचं होतं. त्याने तोंड उघडलं. पण तोंडातून आली मोठी जांभई.

श्श! कणू झोपला. पलीकडे रेवूही झोपली. भिंतही गप्प, कपाटही गप्प. आता आपणही हळूच गप्प होऊ.